टपालाच्या तिकिटावरील देवदर्शन

महिन्यांमध्ये मार्गशीर्ष ही आपली विभूती होय, असे भगवंतांनी अर्जुनास सांगितले. या मासाची थोरवी आम्हां कीर्तनकारांना निराळी सांगावी लागत नाही. शुद्ध एकादशीस गीताजयंती, पौर्णिमेस दत्तजन्म, गुरुवारी घरोघरी महालक्ष्मीचे घट, आणि बहुतेक वर्षी याच दिवसांच्या आगेमागे आपल्या ख्रिस्ती बांधवांचा नाताळ. एका बाजूस अनसूयेच्या मांडीवरची तीन बालके, दुसऱ्या बाजूस मरियेच्या मांडीवरचे एक बालक. पाळणा दोन्हीकडे हलतो. आज या पानावर आम्ही लिहिणार आहो ते मात्र देवळातील मूर्तीविषयी नव्हे, तर अंगठ्याच्या नखाएवढ्या, फार तर काडेपेटीएवढ्या कागदावर छापलेल्या देवाविषयी. टपालाच्या तिकिटावर देवाचे चित्र असावे काय, असल्यास त्याचे काय करावे, हा प्रश्न वरकरणी लहान दिसतो. पण तो एका घरात कसा पेटला होता हे आम्ही डोळ्यांनी पाहिले आहे.

आटपाडीत दत्तजन्माचे कीर्तन आटोपून आम्ही बुक्का लावून घेत होतो. तेव्हा एक गृहस्थ पिशवीतून एक जाड वही घेऊन आले. त्यांचे वडील टपाल खात्यात आयुष्य घालवून निवृत्त झालेले, नुकतेच निवर्तलेले. वहीत त्यांनी चाळीस वर्षे जमविलेली तिकिटे होती. एक भाऊ म्हणे, वही विकून टाकू. मातोश्री म्हणत, त्यात देव आहेत, देव विकता येत नाहीत. माणगंगेत सोडून द्या. आता माणगंगेला पाणी असते किती दिवस, हे आटपाडीकरांस सांगावयास नको. तिसरा पेच असा की, वहीत दत्तगुरूंच्या बरोबरीने परदेशांतून आलेल्या नाताळच्या पत्रांवरील मरियेची व बाळ येशूची तिकिटेही होती. ती वेगळी काढून टाकावीत की काय, यावर घरात शब्दाला शब्द लागला होता. निवाडा आम्ही करावा, असे ठरवून ते आले होते. वही आम्ही आठ दिवस ठेवून घेतली आणि निवांतपणे पाहिली.

प्रथम ती परक्या देशांची तिकिटेच घेऊ. नाताळासाठी निराळे तिकीट काढण्याची प्रथा फार जुनी नव्हे. ऑस्ट्रिया देशाने १९३७ मध्ये शुभेच्छांची तिकिटे काढली, हंगेरीने १९४३ मध्ये येशूजन्माचा प्रसंग छापला. न्यूझीलंडने १९६० मध्ये रेम्ब्राँ या डच चित्रकाराचे गोपालांच्या वंदनाचे चित्र घेतले. अमेरिकेने १९६२ मध्ये आरंभ केला तो पानाफुलांच्या तोरणाने आणि मेणबत्त्यांनी. पण १९६६ मध्ये त्यांनी हान्स मेमलिंग या पंधराव्या शतकातील चित्रकाराचे माता-बालकाचे चित्र तिकिटावर आणले आणि १९६७ मध्ये तेच पुन्हा मोठ्या आकारात छापले. पुढे यान व्हान आयक, जोर्जोने, राफाएल असे एकेक थोर चित्रकार वर्षामागून वर्षे पाकिटांवर येऊन बसले. इंग्लंडने १९६७ मध्ये स्पॅनिश चित्रकार मुरिल्यो याची माता निवडली.

ही मूळ चित्रे काही पत्रावर चिकटविण्यासाठी काढलेली नव्हती. ती चर्चच्या वेदीवर अथवा धनिकांच्या खासगी देवघरात पूजेसाठी असत. त्यांच्यापुढे गुडघे टेकून प्रार्थना होई. मेमलिंगच्या चित्रात मरियेच्या मांडीवर बालक आहे, आणि त्या बालकापाशी पोथी आहे. आपल्याकडे बाळकृष्णाच्या हाती लोणी देतात. त्यांनी पोथी दिली. चित्रकार आपापल्या देशातील बाळांचे कौतुक आपापल्या रीतीने करतात, दुसरे काय!

परंतु भाविक वाचकांस आश्चर्य वाटेल ते पुढेच. मेमलिंगच्या तिकिटाविरुद्ध अमेरिकेत न्यायालयात दाद मागितली गेली, आणि ती मागणारे बहुतांशी ख्रिस्तीच होते. त्यांचे म्हणणे असे की, शासनाच्या तिकिटावर एका पंथाच्या उपासनेचे चित्र नको. प्रॉटेस्टंट पंथाला मूर्ती आणि चित्र यांविषयी पूर्वीपासून संकोच आहे. म्हणजे ज्यांच्या देवाचे चित्र, त्यांच्याच घरात वाद. आमच्या गृहस्थांच्या मातोश्रींनी हे ऐकले तेव्हा त्यांच्या मुद्रेवर प्रथमच थोडे हसू उमटले.

आपला भारत या बाबतीत कोठे आहे? फार लांब जावयास नको. नाशिक रोडला जावे. तेथे १९२५ मध्ये उभारलेल्या सरकारी छापखान्यात देशाची टपाल तिकिटे छापली जाऊ लागली. त्यापूर्वी ती लंडनहून येत. गोदावरीच्या तीरावर, पंचवटीपासून दोन-अडीच कोसांवर हे काम चालते, याचे आम्हांस नेहमी कौतुक वाटते. १५ ऑगस्ट १९४९ रोजी स्वतंत्र भारताची नित्य वापराची पहिली माला निघाली, तीत घारापुरीच्या लेण्यातील त्रिमूर्ती नऊ पैच्या तिकिटावर होती, नटराज दोन आण्यांवर, कोणार्कचा अश्व सहा पैवर. त्रिमूर्तीचे ते तिकीट वहीत पाहताना आमच्या मनात दत्तमूर्तीच उभी राहिली. मुंबईच्या समुद्रातील बेटावर पाषाणात कोरलेली ती तीन मुखे नऊ पैच्या किमतीत खेड्यापाड्यांतील झोपडीपर्यंत पोचली, हे काही सामान्य कार्य नव्हे. (पंडित म्हणतील, ती तीनही मुखे शिवाचीच आहेत, ब्रह्मा-विष्णु-महेश नव्हेत. पंडितांचे म्हणणे बरोबर आहे. पण भाविकाने त्यात दत्त पाहिला तर शिवाला राग यावयाचा नाही.)

१ ऑक्टोबर १९५२ रोजी संतकवींची माला निघाली: कबीर, तुलसीदास, मीरा, सूरदास, गालिब आणि रवींद्रनाथ. सहांमध्ये मराठी संत एकही नाही. महाराष्ट्राला विठ्ठलाच्या दारी रांगेत तिष्ठण्याची सवय आहे, म्हणून कोणी फारशी ओरड केली नसावी. नामदेवरायांचे तिकीट १९७० मध्ये निघाले, समर्थ रामदासांचे १९८८ मध्ये, ज्ञानेश्वर माउलींचे १९९७ मध्ये आणि तुकोबांचे २००२ मध्ये. ज्याने पंजाबापर्यंत नाम नेले त्या नामदेवाला मराठी संतांत अग्रमान मिळाला, हे यथायोग्यच झाले.

आता वहीतील ज्या पानाने आम्हांस थांबविले त्याविषयी. जून १९७५ मध्ये भारताच्या टपाल खात्याने इटलीचा थोर कलावंत मायकेलअँजेलो याच्या पाचशेव्या जन्मवर्षानिमित्त चार तिकिटे काढली, पन्नास पैशांची एकेक, चारही एकमेकांस जोडून छापलेली. चित्रे होती रोमच्या सिस्टीन प्रार्थनामंदिराच्या छतावरील, सृष्टीच्या उत्पत्तीची. ते छत मायकेलअँजेलोने पोप दुसरा ज्युलियस याच्या आज्ञेवरून १५०८ ते १५१२ या काळात रंगविले. ओल्या चुन्यावर, चुना वाळण्याच्या आत रंग द्यावयाचा, मान वर करून, उंच पराचीवर उभे राहून. भारतीय तिकीट, त्यावर ‘भारत’ हे देवनागरी अक्षर, आणि चित्र ख्रिस्ती धर्मग्रंथातील सृष्ट्युत्पत्तीचे! परमेश्वर आपला हात आदिमानवाकडे पुढे करतो, त्या मानवाचा हातही थोडा उचललेला आहे, आणि दोहोंच्या बोटांमध्ये तीळभर अंतर राहिले आहे. जगभर नावाजलेले चित्र आहे ते. आम्हांस त्यात निराळेच दिसले. जीव आणि शिव यांच्यात असे तीळभरच अंतर असते, आणि सद्गुरू ते बुजवितो, हे आम्ही पूर्वरंगात किती वेळा सांगितले असेल! दाखविण्यास चित्र मात्र हाती नव्हते. सिंधुदुर्गातील पिंगुळीचे चित्रकथी कागदावरील चित्रे एकेक करून पुढे धरतात आणि रामकथा सांगतात. तशी ही चार तिकिटे पुढे धरून निरूपण करावे, असे क्षणभर वाटले.

ख्रिस्ती परंपरेची आणखीही तिकिटे भारताने काढलेली आहेत, आणि त्यांतील एकाचा संबंध थेट मुंबईशी आहे. १९६४ च्या नोव्हेंबर-डिसेंबरात मुंबईस कॅथलिक पंथाची आंतरराष्ट्रीय परिषद भरली, पोप सहावे पॉल स्वतः आले. त्या निमित्ताने २ डिसेंबर रोजी संत थॉमस यांचे तिकीट निघाले. त्यावरील चित्र इटलीतील ओर्तोना येथील पुतळ्यावरून घेतलेले. गोमंतकात तर पोर्तुगीज अमलात १९३१ मध्ये संत फ्रान्सिस झेवियर यांच्या शवदर्शनाच्या सोहळ्यासाठी तिकिटांची माला निघाली होती, १९५२ मध्ये पुन्हा. स्वतंत्र भारतानेही १९७४ च्या नाताळच्या आदल्या दिवशी झेवियर यांचे तिकीट काढले. राज्य पालटले, तिकीट पालटले, संत तेच राहिले.

गोमंतकाचे नाव निघाले म्हणून सांगावेसे वाटते. युरोपातील चित्रकारांनी मरियेला आपल्या मुलखातील वस्त्रे नेसविली. मग आमच्या मुलखातील चित्रकाराने तिला लुगडे का नेसवू नये? अँजेलो द फोन्सेका (१९०२-१९६७) या गोमंतकीय ख्रिस्ती चित्रकाराने तेच केले. शांतिनिकेतनात शिकून आल्यावर त्याने मरिया काढली ती साडी नेसलेली, सावळ्या वर्णाची, आपल्या घरातील लेकीसुनेसारखी. गोव्यातील धर्माधिकाऱ्यांस ते रुचले नाही. तो पुण्यास येऊन ख्रिस्त प्रेम सेवा आश्रमात राहिला आणि तेथेच चित्रे काढीत राहिला. त्याच्याही आधी, १६१६ मध्ये, इंग्लंडहून आलेल्या फादर स्टीफन्सने गोव्यात ख्रिस्तपुराण मराठी ओवीत रचले होतेच. ओवी आधी आली, लुगडे तीनशे वर्षांनी आले.

आमच्याकडे हेच कार्य राजा रविवर्म्याने केले. १८९४ मध्ये त्याने मुंबईत छापखाना काढला, पुढे तो लोणावळ्याजवळ मळवलीस नेला, आणि लक्ष्मी, सरस्वती, दत्तात्रेय यांची रंगीत चित्रे घरोघर गेली. ज्यांना देवळाच्या गाभाऱ्यात प्रवेश नव्हता त्यांच्याही भिंतीवर देव आला. आज आपण ध्यानाला बसून डोळे मिटतो तेव्हा जी लक्ष्मी दिसते ती पुष्कळदा रविवर्म्याचीच असते, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. १९७१ मध्ये रविवर्म्याच्या स्मरणार्थ निघालेल्या तिकिटावर दमयंती आणि हंस आहेत. वहीत ते होते. १९७३ मधील किशनगढची राधाही होती, निहालचंदाने काढलेली, कमलपत्रासारख्या दीर्घ नेत्रांची. आणि १९७८ मधील गीतेचे तिकीट: रथ, अश्व, कृष्णार्जुन.

आमच्या आटपाडीला चित्राचे प्रेम नवे नाही. आटपाडी महाल औंध संस्थानात होता, आणि औंधचे अधिपती श्रीमंत बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८-१९५१) हे स्वतः चित्रकार आणि स्वतः कीर्तनकार. राजा कीर्तनाला उभा राहतो, हे ज्या मुलखाने पाहिले त्या मुलखातले आम्ही. त्यांनी चित्ररामायण सिद्ध केले, पुण्याच्या भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीस साहाय्य केले आणि तिच्यासाठी चित्रांची योजना केली. औंधला यमाईच्या डोंगरावर १९३८ मध्ये त्यांनी उभारलेले संग्रहालय आहे. रविवर्म्याची सैरंध्री तेथे आहे, आणि हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराने दगडात घडविलेली माता आणि तिचे बालकही तेथेच आहे. यमाईच्या दर्शनास जाणाऱ्यांनी वाट थोडी वाकडी करून ते पाहावे. मेमलिंगची माता, फोन्सेकाची माता आणि ही दगडी माता या तिघी एकमेकींना ओळखतील, असे आम्हांस वाटते. देवीच्या पायथ्याशी परदेशी माता ठेवताना त्या धर्मनिष्ठ राजाला संकोच वाटला नाही. आम्ही निवाडा करताना ही गोष्ट मनाशी धरली.

आता मुख्य शंका. मातोश्रींचे दुःख असे होते की, वहीतील बहुतेक देवांच्या मुखावर टपालाचा काळा शिक्का होता. शिवाय तिकीट चिकटविताना लोक त्याला जीभ लावतात. म्हणजे देवाच्या पाठीला उष्टे. हे पाप वडिलांच्या पदरी पडले काय? कारण शिक्के मारण्याचे कामही त्यांनीच कित्येक वर्षे केले होते. प्रश्न विचारताना त्या माउलीचा कंठ दाटून आला. नवरा जन्मभर देवाच्या तोंडाला काळे फाशीत राहिला की काय, ही ती भीती होती. तिकिटे विकावीत की ठेवावीत हा वाद त्या मानाने वरवरचा.

श्रीमद्भागवताच्या एकादश स्कंधात भगवंतांनी उद्धवास प्रतिमेचे आठ प्रकार सांगितले आहेत. पाषाणाची, काष्ठाची, धातूची, लेप देऊन केलेली, रेखाटलेली, वाळूची, मनातली आणि रत्नाची. रेखाटलेली प्रतिमा ही पूर्ण प्रतिमा आहे, कमी प्रतीची नव्हे. याच स्कंधावर नाथमहाराजांनी १५७३ मध्ये काशीत आपली टीका पूर्ण केली, हे वारकऱ्यांस ठाऊकच आहे. परंतु प्रतिमा असणे वेगळे आणि तीत देवता असणे वेगळे. आवाहन झाले, प्राणप्रतिष्ठा झाली, तर देवता तेथे येऊन बसते. विसर्जन झाले की जाते. भाद्रपदात आपण ज्या मृत्तिकेची पूजा करतो तिलाच उत्तरपूजेनंतर पाण्यात सोडतो, तेव्हा आपण गणपतीला बुडवीत नसतो. पार्थिव लिंग रोज करून रोज मोडतात. टपालाच्या तिकिटावर कोणी आवाहन करीत नाही. छापणाऱ्याचा संकल्प पूजेचा नव्हता, विकणाऱ्याचा नव्हता, चिकटविणाऱ्याचा नव्हता, आणि शिक्का मारणाऱ्याचा अवमानाचाही नव्हता. शिक्का पडला तो त्या तिकिटाच्या किमतीवर पडला, तिचा पुन्हा उपयोग होऊ नये म्हणून. देवावर तो पडला नाही. त्या गृहस्थांनी पोटासाठी आणि कर्तव्य म्हणून जे केले त्यात दोषाचा लेशही नाही, असे आम्ही मातोश्रींना स्पष्ट सांगितले. पोथ्या बाहेर काढून दाखविल्या. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, मग त्यांनी विचारले, “अन् शिक्का मारताना ते मनात नाव घेत असतील तर?” आम्ही म्हटले, तर मग तो जप झाला.

देवता नाही म्हणून आदरही नाही, असे मात्र नव्हे. फाटक्या पोथीचे पान आपण पायाखाली येऊ देत नाही, तसेच हे. केराच्या टोपलीत तिकीट टाकू नये. उदबत्तीची पाकिटे, दिनदर्शिका, लग्नपत्रिकांवरील गणपती यांनाही हेच लागू. आणि माणगंगेत, विहिरीत अथवा तळ्यात हे कागद सोडणेही आम्हांस मान्य नाही. शाई आणि डिंक पाण्यात कालवून जलदेवतेला काय पोचते? पुढे मागे वही जीर्ण झालीच तर तुळशीच्या अथवा औदुंबराच्या मुळाशी मातीत द्यावी.

मरियेच्या तिकिटांविषयी आमचे मत त्याहून सोपे होते. ज्यांच्या घरी ती माता पूजली जाते त्यांच्याकडून ती पत्रावर बसून आली. आलेल्या सवाष्णीला दारातून परत पाठवीत नाहीत. ती वहीत जशी आहे तशी, अनसूयेच्या शेजारी राहू द्यावी. वडिलांनी ती तेथे लावली आहे, काही विचारानेच लावली असेल.

विकण्याचा प्रश्न आम्ही भावांवर सोडला. तो धर्मशास्त्राचा नसून घरच्या संमतीचा होता. वही विकली गेली नाही, एवढे कळले.

आता काळ पालटला आहे. १ सप्टेंबर २०२५ पासून नोंदणीचे टपालही स्पीड पोस्टात विलीन झाले, आणि पाकिटावर चित्राचे तिकीट क्वचितच दिसते. उलट देवांची तिकिटे मात्र पूर्वीपेक्षा अधिक निघतात. २०१७ मध्ये रामायणाची अकरा तिकिटे वाराणसीत प्रकाशित झाली. १८ जानेवारी २०२४ रोजी अयोध्येच्या मंदिरानिमित्त सहा निघाली. त्यांत गणेश आणि हनुमंत आहेत, आणि जटायू, केवट व शबरी यांनाही मान मिळाला. त्यांना चंदनाचा सुगंध दिलेला आहे. असली तिकिटे कोणी पत्रावर चिकटवीत नाही. लोक ती जपून ठेवतात. शिक्क्याची भीती त्यामुळे आपोआपच गेली. आम्हांस मात्र जुनेच बरे वाटते. शबरी पोस्टमनच्या थैलीतून एखाद्या वाडीवस्तीवर गेली असती तर ती तिला अधिक शोभली असती.

जाता जाता एक गंमत सांगतो. उजव्या सोंडेचा गणपती आणि डाव्या सोंडेचा गणपती यांचे सोवळे निराळे, हे आपल्या घरांत लहान मुलांसही ठाऊक असते. प्रतिमेची उजवी-डावी बाजू चुकली की पूजाच पालटते. १९४९ च्या त्या पहिल्या मालेत एक आण्याच्या तिकिटावर बोधिसत्त्वाची मूर्ती होती, आणि चित्र आरशात पाहावे तसे उलटे छापले गेले. मूर्तीचा डावा हात पुढे आला. चूक ध्यानात येताच १९५० मध्ये चित्र सुलटे करून तिकीट पुन्हा छापण्यात आले. ज्यांच्या घरी आजोबा-पणजोबांच्या काळची पत्रे पेटीत असतील त्यांनी एक आण्याचे तिकीट शोधून पाहावे. डावा हात पुढे असेल तर ते पहिल्या छपाईचे, उजवा असेल तर नंतरचे. पाकिटावरून मात्र ते ओरबाडून काढू नये. कागदाचा तुकडा तिकिटाभोवती मोकळा कापून कोमट पाण्यात तरंगत ठेवावा, डिंक आपणच सुटतो, आणि मग टिपकागदावर पालथे घालून सावलीत वाळवावे.